वरची पट्टी

राजरत्न गमरे बोलत नाही, हे मानपाड्याच्या त्या ऑफिसात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. माणूस कामाचा, वेळेचा पक्का, कुणाच्या अध्यात ना मध्यात; पण बोलत नाही. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे मधल्या टेबलाभोवती डबे उघडून बसायचे, तेव्हा हा आपला डबा घेऊन आतल्या खोलीत स्क्रीनसमोरच जेवायचा. नवीन येणाऱ्याला जुने लोक सांगायचे, "गमरे सरांना काही विचारायचं असेल तर मेल टाक. उत्तर लगेच येतं. तोंडी विचारायला जाऊ नकोस."

ऑफिस म्हणजे एका गाळ्याचा वरचा मजला. खाली रबराचे वायसर बनायचे, त्याचा उग्र वास जिन्यापर्यंत यायचा. वर ही पाच-सहा माणसं गोडाऊनच्या मशीनसाठी प्रोग्राम लिहायची. कामगार हातात बंदुकीसारखं यंत्र घेऊन फिरतात, खोक्यावरच्या काळ्या रेघांवर लाल उजेड मारतात आणि खोक्यात काय आहे, कुठल्या फळीवर ठेवायचं, कुठल्या गाडीत चढवायचं हे वायरीशिवाय थेट कॉम्प्युटरला कळतं, ती मशीन. ऑफिसात त्याला टर्मिनल म्हणत, गोडाऊनमध्ये सगळे गन म्हणत.

राजरत्न या कामाला लागला तेव्हा एकेक ओळ हाताने लिहावी लागायची. आता बरंचसं तयार मिळायचं. बारकोड वाचणारा एक कंपोनंट, वायफाय तुटलं तर माहिती धरून ठेवणारा आणि परत आलं की पाठवणारा दुसरा, स्क्रीनवर यादी मांडणारा तिसरा. आणायचा, प्रोग्राममध्ये बसवायचा, त्याच्या सेटिंग भरायच्या की झालं. जुन्या लोकांपैकी काहींना यात मजा वाटत नसे. राजरत्नला वाटायची. एका कंपोनंटने दुसऱ्याला जे सांगायचं ते ठरलेल्या शब्दांत, स्पष्ट. कुणी कुणाला 'काय म्हणालास?' असं विचारत नाही.

खरी गोष्ट अशी होती की राजरत्नला ऐकू येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. ट्रकचा आवाज यायचा, दार आपटलेलं कळायचं, एखाद्याचा खर्जातला आवाज नीट समजायचा. पण बोलण्याच्या कडा झिजून गेल्यासारख्या झाल्या होत्या. स गेला, श गेला, फ गेला. समोरचा बोलतोय हे कळे, काय बोलतोय ते अर्धं कळे, उरलेलं तो अंदाजाने भरून काढी. अंदाज चुकला की लोक क्षणभर त्याच्याकडे बघत राहत. त्या बघण्याची त्याने धास्ती घेतली होती.

सुरुवात कधी झाली हे त्यालाही सांगता आलं नसतं. आधी त्याने पंख्याला दोष दिला. मग मास्कला. मग हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणाला. मास्क गेले, पण शब्द काही परत आले नाहीत. 'काय?' असं एकदा विचारता येतं, दुसऱ्यांदाही विचारता येतं, त्यानंतर माणूस नुसती मान हलवतो. राजरत्न मान हलवायला शिकला. सगळे हसले की तोही हसायचा, जरा उशिरा.

रविवारी सकाळी नांदिवलीच्या विहारात वंदना असायची. त्याचा आवाज चांगला. बरीच वर्षं तोच पुढे बसून वंदना म्हणायचा आणि मागून सगळे म्हणायचे. वंदना पाठच होती, तिला कान लागत नव्हते. अडचण व्हायची ती नंतर. वंदना झाली की लोक चपला घालता घालता बोलत उभे राहत. एकदा एका ओळखीच्या माणसाने जवळ येऊन काहीतरी सांगितलं आणि राजरत्न हसून म्हणाला, "छान, छान." त्या माणसाची आई आदल्या आठवड्यात गेली होती. हे त्याला घरी आल्यावर बायकोकडून कळलं. त्यानंतर रविवारी त्याला काही ना काही काम निघू लागलं.

घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं. शालन ठाण्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. सकाळी लवकर निघायची, दुपार कलली की परत यायची. पूर्वी ती आली की दिवसभराचं सगळं सांगायची. कोण पेशंट सुई बघून रडला, कोण भांडला, रिक्षात कोण भेटलं. ओट्याशी पाठमोरी उभी राहून कांदा चिरता चिरता सांगायची. राजरत्न बाहेरच्या खोलीतून 'हं' म्हणायचा. मग ते 'हं' चुकीच्या जागी पडायला लागले.

"दूध नासलं," ती एकदा आतून म्हणाली.

"बरं झालं," राजरत्न म्हणाला.

ती दारात आली आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्याला वाटलं, ती दूध आणलं म्हणाली. हे त्याने सांगितलं असतं तर दोघं हसलेही असते कदाचित. त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. असं होत होत शालनने सांगणं कमी केलं. पुढे कामापुरतं राहिलं: गॅस आला का, लाइटवाला येऊन गेला, मी जेवले, तुम्ही घ्या. दोघांत कधी भांडण झालं नाही. घर शांत असतं असं शेजारी म्हणायचे.

पावसाळा संपता संपता ठाण्याच्या एका औषधांच्या गोडाऊनचं काम आलं. कोलशेतच्या बाजूला मोठं गोडाऊन होतं, औषधांची खोकी तिथून दुकानांना जायची. त्यांना नवीन टर्मिनल हवे होते आणि एक गोष्ट नक्की हवी होती: कामगाराने चुकीचं खोकं उचललं किंवा मुदत संपलेली बॅच स्कॅन केली तर गनने असा आवाज केला पाहिजे की माणूस थांबलाच पाहिजे. स्क्रीन लाल होते ती कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

राजरत्नने आवाजाचा एक नवीन कंपोनंट आणला. त्यात सगळ्याची सोय होती: आवाजाची पट्टी किती उंच, किती मोठा, किती वेळ. त्याने नीट विचार केला. गोडाऊनमध्ये जे आवाज असतात ते सगळे जाड. मोठे पंखे, मागे येणारे ट्रक, ढकलगाड्यांची घरघर. त्यात वेगळा ऐकू यायचा तर आवाज बारीक आणि चिरका पाहिजे. त्याने पट्टी वर नेऊन ठेवली. हिशेब बरोबर होता, कुणालाही पटला असता.

शुक्रवारी मानपाड्याला वीज बंद असायची, म्हणून नमुन्याचा एक टर्मिनल तो घरी घेऊन आला. शालन कामावर गेलेली. खिडकीजवळच्या टेबलावर बसून त्याने एक बारकोड स्कॅन केला. बरोबर खोक्याचा आखूड, जाड 'टुक' ऐकू आला. मग मुदत संपलेल्या बॅचचा बारकोड स्कॅन केला. स्क्रीन लाल झाली. आवाज आला नाही.

त्याने प्रोग्राम तपासला. चूक नव्हती. सेटिंग तपासल्या, बरोबर होत्या. आवाज निम्म्यावर होता तो त्याने पूर्ण केला. तरी काही नाही. टर्मिनल कानाजवळ नेला, तेव्हा कुठे काहीतरी असल्याचा भास झाला, कानात बोट घातल्यावर होतो तसा. नमुन्याचा स्पीकर कमजोर असणार, त्याने ठरवलं. नमुन्याला हात लागून लागून असं होतंच. तरी खबरदारी म्हणून, कामगार ओकेचं बटण दाबेपर्यंत आवाज चालूच राहील अशी सोय त्याने करून ठेवली आणि पुन्हा पुन्हा तपासली. मध्येच समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई गॅलरीत आली आणि त्याच्या खिडकीकडे रोखून बघायला लागली. त्याने ओळखीचं हसून हात केला. ती आत निघून गेली आणि तिने दार लावून घेतलं.

टर्मिनल बसवायला तो आणि अक्षदा असे दोघं ठाण्याला गेले. अक्षदा त्याच्या हाताखाली वर्षभर काम करत होती. पोरगी हुशार, पण राजरत्नशी तिचं सगळं मेलवरच. बसमध्येही दोघं पुढेमागे बसले. गोडाऊनला पोचल्यावर ती काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर बसली आणि राजरत्न खाली कामगारांना शिकवायला उभा राहिला.

सुपरवायझर साईनाथ दिवा गावचा, आगरी माणूस. त्याच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना अरेतुरे, त्यात राग नसतो. त्याने सगळ्यांना गोळा केलं, नव्या गन एका खोक्यावर मांडल्या आणि एक राजरत्नच्या हातात दिली. राजरत्नला असं शिकवणं जमायचं. शिकवताना बोलायचं त्यालाच असतं, ऐकायचं दुसऱ्यांना.

"हे बरोबर खोकं," तो म्हणाला आणि स्कॅन केलं. 'टुक.' "आता समजा, मुदत संपलेला माल हातात आला." त्याने दुसरं खोकं घेतलं, लाल उजेड मारला. स्क्रीन लाल झाली.

"बघा, स्क्रीन लाल. आणि सोबत आवाज. आता हा आवाज तुम्ही ओके दाबेपर्यंत थांबणार नाही. का, तर माणूस घाईत असतो, त्याचं लक्ष नसतं..." तो शांतपणे सांगत होता. आवाज त्याला येत नव्हता, पण वर पंखे फिरत होते, शेजारी ट्रक चालू होता. त्यात बुडाला असेल. समोर काहीतरी गडबड चालली होती. एकाने कानात बोटं घातली. मग दुसऱ्याने. एक जण हसत हसत मागे सरकला. एकाच्या हातातला चहा हिंदकळला. साईनाथचे ओठ हलले. राजरत्नने हसून मान हलवली आणि पुढे सांगायला लागला. साईनाथचे ओठ पुन्हा हलले, या वेळी तोंड बरंच उघडं. राजरत्नने पुन्हा मान हलवली.

केबिनचं दार उघडून अक्षदा दोन्ही हात कानांवर धरून बाहेर आली. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

साईनाथने पुढे होऊन गन त्याच्या हातातून काढून घेतली आणि तोंडासमोर येऊन म्हणाला, "साहेब, तुला ऐकू नाय येत काय?"

एवढं मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं.

"सवय झालीये," राजरत्न म्हणाला. "दिवसभर हेच काम. आवाजाचं काही वाटत नाही."

साईनाथला ते पटलं की नाही कोण जाणे. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त बघायचं होतं. त्याने गन राजरत्नच्या पाठीमागे नेली आणि विचारलं, "आता वाजते का बंद हाय?"

राजरत्नने समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. चेहऱ्यांवरून ओळखायला तो पटाईत होता. पण सगळ्यांची बोटं आधीपासूनच कानात होती, कुणी काढली नव्हती. त्यावरून काही कळेना. त्याने अंदाज केला.

"बंद आहे," तो म्हणाला.

कुणीही हसलं नाही. साईनाथने पाठीमागून हात पुढे आणला. स्क्रीन लाल होती. त्याने ओके दाबलं आणि सगळ्यांनी हळूहळू कानातली बोटं काढली.

"चला, चहा घ्या सगळे," साईनाथ जमिनीकडे बघत म्हणाला. "मग बघू."

माल चढवायच्या फलाटाच्या टोकाला रिकाम्या लाकडी पॅलेटांचा ढीग होता. राजरत्न त्याच्या आडोशाला जाऊन बसला. समोर ट्रक येत होते, जात होते. त्याला वडील आठवले. शेवटची काही वर्षं ते चाळीच्या दारात एकटे बसायचे आणि बोलले तर मोठ्याने, ओरडून. मुलं त्यांना घाबरायची, तापट म्हणायची. राजरत्नही म्हणायचा. त्यांच्या कानांचा विचार घरात कुणाच्या मनातही आला नव्हता.

अक्षदा दोन कप घेऊन आली आणि थोड्या अंतरावर बसली. एक कप तिने त्याच्याकडे सरकवला.

"मला तो आवाज ऐकू येत नाही," राजरत्न म्हणाला. "बारीक आवाज कुठलाच येत नाही. तुझंही बोलणं निम्मं कळत नाही मला."

हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि तेही ज्या मुलीशी धड ओळख नाही तिच्यापाशी.

अक्षदा काहीतरी बोलली. मग तिच्या लक्षात आलं. ती वळून त्याच्या समोर आली आणि सावकाश म्हणाली, "मी रोज सकाळी तुमच्या मागून गुड मॉर्निंग सर म्हणत जायचे. तुम्ही कधी बघितलंही नाही. गेल्या दिवाळीपर्यंत म्हटलं. मग सोडलं."

"कधी?"

"रोज. तुमच्या खोलीवरूनच जाते ना मी." ती कपाकडे बघत राहिली. "मला वाटायचं, मी आवडत नाही तुम्हाला. घरी जाऊन आईलाही सांगितलेलं."

आपल्याला ऐकू येत नाही याचा राजरत्नने खूप विचार केला होता. न ऐकू आलेलं ते सगळं कुणीतरी त्याच्यासाठी म्हटलेलं होतं, आणि तो नुसताच पाठ फिरवून बसला होता, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. अशी किती माणसं असतील याची त्याला मोजदाद करवेना.

"सॉरी," तो म्हणाला.

"ठीक आहे सर. चहा गार होतोय."

चहा झाल्यावर दोघं आत गेले. आवाज तर बदलायला हवा होता. अक्षदाने लॅपटॉप उघडला, एक गन जोडली आणि म्हणाली, "मी पट्टी थोडी थोडी खाली आणते. तुम्हाला आला की हात वर करा. तुम्हाला आला म्हणजे सगळ्यांना येईल."

कामगार पुन्हा जमले होते. राजरत्न त्यांच्यासमोर उभा राहिला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. अक्षदा बटण दाबत होती. लोकांच्या चेहऱ्यांवरचा त्रास प्रत्येक वेळी थोडा कमी होत होता. राजरत्नला काही येत नव्हतं. अजून खाली. अजून खाली. मग कुठूनतरी लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा एक आवाज आला. त्याने हात वर केला.

त्याच वेळी मागच्या रांगेत आणखी एक हात वर गेला.

तो दगडू होता. गोडाऊनमधला जुना हमाल, केस सगळे पांढरे. सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले.

"मला पण आत्ताच आला," दगडू म्हणाला. त्याचा आवाज खर्जातला, राजरत्नला शब्द न् शब्द कळला.

"मगाशी तर कानात बोटं घातलेली तू," साईनाथ म्हणाला.

"सगळ्यांनी घातली म्हणून घातली." दगडूने खांदे उडवले. "भिवंडीला लूमवर होतो ना इतकी वर्षं. त्या खडखडाटात लूमवाल्याचे कान कुठले राहतात."

गाव सांगावं तसं त्याने ते सांगितलं. कुणाला त्यात काही वाटलं नाही, खुद्द दगडूलाही नाही. राजरत्न त्याच्याकडे बघतच राहिला. त्याला त्याचा हेवा वाटला. आपल्यालाही एखादा लूम असता, तर असं सांगता आलं असतं, असं काहीतरी मनात आलं.

पहिला आवाज तसाच राहिला असता तर दगडूच्या हातून मुदत संपलेला माल सरळ गाडीत गेला असता. हे साईनाथच्या ध्यानात आलं आणि तो एकदम गंभीर झाला. राजरत्नने आवाज त्याहूनही खालच्या पट्टीवर नेला, एकाऐवजी दोन स्वर केले, आणि त्याच कंपोनंटमध्ये गन थरथरवायची सोय होती तीही चालू केली. दगडूने पुन्हा स्कॅन केलं. गन हातात थरथरली तसा तो दचकला आणि मग हसला. दुपारपर्यंत काम झालं. निघताना साईनाथ फाटकापर्यंत आला, पण आता त्याने बोलणं अक्षदाशी केलं. राजरत्नकडे बघून नुसता हात वर केला, लांबच्या माणसाला करतात तसा. राजरत्नला ते लागलं. पण साईनाथचं तरी काय चुकलं. ऐकू न येणाऱ्याशी कसं वागायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी शालन चादरीच्या घड्या घालत होती. राजरत्न चपला काढून तिच्या समोर जाऊन उभा राहिला आणि बसमध्ये मनात जुळवलेलं सगळं विसरून एकदम म्हणाला, "मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली."

शालनचे हात थांबले. त्याला वाटलं होतं, ती जवळ येईल, आधी का नाही बोललात म्हणेल, डॉक्टरचं नाव काढेल. ती लॅबमध्ये काम करणारी बाई. तिने चादर तशीच मांडीवर ठेवली.

"म्हणजे मी एवढी वर्षं कुणाशी बोलत होते?" ती म्हणाली.

तो तिच्यासमोर बसला.

"मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय. ताईलाही मी तेच सांगितलं. ताई म्हणाली, बायका काय पुरुषांशी बोलायला लग्न करतात का. मग मी नाद सोडला." ती बोलत होती ते त्याच्या डोळ्यांत बघून, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळं कळत होतं. न कळतं तर बरं, असं त्याला वाटलं. "दोन शब्द बोलला असतात. बाकीचं मी केलं असतं ना."

"लाज वाटायची."

"माझी?"

शालनने चादर उचलली, झटकली आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला घेतली. त्या संध्याकाळी दोघं जेवले ते नेहमीसारखेच. फरक इतकाच की आता दोघांनाही कारण माहीत होतं.

ठाण्यात कानाच्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली आणि म्हणाल्या, हे हळूहळू झालंय, वरच्या पट्टीचं ऐकणं गेलंय, ते परत येणार नाही; कानाच्या मशीनने मदत होईल. शालन बरोबर आली होती. तिने सगळे प्रश्न विचारले, बॅटरीचे, साफसफाईचे, नीट. परतताना रिक्षात ती बाहेर बघत होती.

मशीन लावल्यावर पहिले काही दिवस राजरत्नला घरात बसवेना. पिशवीचा चुरचुराट, नळाची धार, स्वतःच्याच चपलांचा आवाज, सगळं पत्र्यावर घासल्यासारखं. ऑफिसात जेवताना तो मधल्या टेबलाशी जाऊन बसला. पण चार माणसं एकदम बोलली की मशीन चौघांनाही सारखंच मोठं करायचं आणि हाती गोंधळच लागायचा. लोक त्याच्याशी मोठ्याने, तोडून तोडून बोलायला लागले, आणि त्याच्यासमोर आपसांतल्या गप्पा कमी करायला लागले. काही दिवसांनी तो डबा घेऊन पुन्हा आतल्या खोलीत गेला. अक्षदा मात्र सकाळी त्याच्या टेबलाच्या समोरच्या बाजूने यायची, थांबायची, गुड मॉर्निंग म्हणायची. तोही म्हणायचा. तेवढं एक सुरू झालं.

एका सुट्टीच्या दुपारी तो बाहेरच्या खोलीत मशीन लावूनच लवंडला होता. आतून आवाज येत होता. आधी त्याला वाटलं, शेजारचा टीव्ही. मग कळलं, शालन बोलतेय. ताईशी फोनवर.

लॅबमध्ये एक म्हातारा येतो म्हणे, दर महिन्याला, आणि रक्त देताना शालनला गाण्याची एक ओळ म्हणायला लावतो, नाही तर हात पुढे करत नाही. या वेळी शालनला गाणंच आठवेना. मग तिने शाळेतली प्रार्थना म्हटली. मागच्या रांगेतले पेशंटही म्हणायला लागले. म्हातारा म्हणाला, माझ्या एका हातासाठी अख्खी शाळा भरवलीस. शालन हे सांगत होती आणि मध्ये मध्ये हसत होती. ती सांगताना म्हाताऱ्याचा आवाज काढायची. ती असे आवाज काढते हे तो विसरून गेला होता. तिचं हे सगळं बोलणं कुठे बंद पडलं नव्हतं. ते रोज चालू होतं. फक्त त्याच्या दिशेने येत नव्हतं.

तो उठून बसला. चोरून ऐकल्यासारखं त्याला वाटायला लागलं. तिला वाटत असणार, हे बाहेर आहेत, यांना काय ऐकू येतंय. तो जाऊन स्वयंपाकघराच्या दारात, तिला दिसेल असा उभा राहिला.

शालनने त्याला बघितलं. "ताई, नंतर करते," म्हणाली आणि फोन ओट्यावर ठेवला.

"ऐकू आलं?"

"हो."

"कुठपासून?"

"गाण्यापासून."

त्याने स्टूल ओढून घेतलं आणि दाराशीच बसला. "मग पुढे काय झालं?" त्याने विचारलं.

"कशाचं?"

"त्या म्हाताऱ्याचं."

"काही नाही. गेला घरी." तिने परातीत पीठ घेतलं आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. नळाखालचं भांडं भरून वाहत होतं, तो नळ बंद केला. मशीनमधून पाण्याचा आवाज थांबला आणि खोली एकदम रिकामी झाली.

राजरत्न तसाच बसून राहिला. उठून जावं असंही त्याला वाटलं, पण उठला नाही. शालन पीठ मळत होती. बऱ्याच वेळाने ती पाठमोरीच काहीतरी बोलायला लागली, दोन-तीन शब्द बोलली असेल, आणि मध्येच थांबली. तिने खांद्यावरून मागे पाहिलं. तो तिथेच होता. ती परात घेऊन खाली फरशीवर, त्याच्याकडे तोंड करून बसली, आणि म्हणाली, "त्या म्हाताऱ्याच्या मुलीचं नाव जया. ती दारात उभी होती, ते मी ताईला सांगितलंच नाही."